पाटी नसलेली झाडं

घाटंजीतून निघाले तेव्हा अंधारच होता. वाघाडी नदीचा गारवा मागे राहिला, टिपेश्वरच्या बाजूचं रान जवळ येऊ लागलं, आणि गोड, आंबूस, जरा गुंगी आणणारा एक वास गाडीच्या उघड्या काचेतून आत शिरून माझ्या शेजारी येऊन बसला. चैत्र लागला होता.

मोह गळत होता.

शहरातल्या वनस्पती-उद्यानांत मी पुष्कळ फिरले आहे. तिथं प्रत्येक झाडाच्या गळ्यात पत्र्याची पाटी असते, आणि झाडाआधी मी ती वाचते. पळसाच्या पाटीवर ‘ब्युटिया’ लिहिलेलं असतं. ब्यूटचा अर्ल, झाडाझुडपांवर जीव असलेला एक ब्रिटिश उमराव, त्याच्यावरून पडलेलं हे नाव. तो कधी भारतात आला नाही. शिमग्यात पेटलेलं आमचं रान त्यानं पाहिलं नाही, याची मला अजून हळहळ वाटते. इकडे रानाचं नावसुद्धा देवीचं. १९९७ साली अभयारण्य झालेलं १४८ चौरस किलोमीटरांचं टिपेश्वर टिपाईवरून ओळखलं जातं.

हद्दीबाहेरच थांबले. उजाडू लागलं तसे साग, धावडा, ऐन, तेंदू काळोखातून एकेक सुटे झाले. पायाखाली सागाची वाळली पानं पापडासारखी मोडत होती, आणि त्या सगळ्या करड्या, निष्पर्ण फांद्यांमध्ये कुसुमाची लाल पालवी अशी उभी होती, जणू घासूनपुसून ठेवलेल्या तांब्याच्या कळशीवर नुकतं ऊन पडलंय.

मोहाखालची जमीन लख्ख झाडलेली. जवळच्या पोडावरची एक कोलाम म्हातारी टोपलं घेऊन फुलं वेचत होती. मी पुढे सरकले.

“पाय नोको देऊ माय, फुलं हायेत थे.”

खाली पाहिलं. फिकट, मांसल, मोत्यांएवढी फुलं. वरून आणखी एक पडलं. टप्.

तिनं एक माझ्या तळहातावर ठेवलं. मग मी विचारत गेले, ती सांगत गेली. हा चार, पोरं याची चारं खातात. हा धावडा, याचा डिंक. एका झुडपाशी मात्र ती अडली. पान चुरगळलं, हुंगलं आणि कोलामीत काहीतरी म्हणाली. मराठी नाव तिला आठवेना. मी ते उच्चारून पाहिलं, ती हसली. पुन्हा म्हटलं; तिनं मान हलवली, सावकाश, ओठ दाखवत, परत सांगितलं.

तिसऱ्यांदा जमलं असावं. “हौ,” म्हणाली, आणि फुलं वेचायला वाकली.