फुटबॉलच्या मैदानातून आलेला राइट हाफ

इतवारी, नागपूर

चि. मानसीस अनेक आशीर्वाद,

कॉलेजात फुटबॉल आणि हॉकी दोन्ही खेळतेस, आणि जो तो ‘आता एकच खेळ धर’ म्हणतो आहे, हे कळलं. अशा वेळी लेस्ली क्लॉडियस यांची गोष्ट तुला ठाऊक असायला हवी. २५ मार्च १९२७ ला ते बिलासपूरला जन्मले. तेव्हा बिलासपूर मध्य प्रांतात होतं आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. आपल्या इतवारी स्टेशनातून पूर्वेला जाणारी लाइन ज्या बंगाल-नागपूर रेल्वेची होती, तिच्या फुटबॉल संघात ते खेळत. १९४६ साली खडगपूरला बाइटन कपसाठी रेल्वेच्या दोन हॉकी संघांचा सराव चालू होता. एका बाजूला एक गडी कमी पडला, तेव्हा १९३२ च्या ऑलिंपिक सुवर्णसंघातले डिकी कार यांनी कडेला उभ्या असलेल्या या फुटबॉलपटूला मैदानात उतरवलं. दोनच वर्षांत लंडन ऑलिंपिकला सुवर्ण, मग हेलसिंकी आणि मेलबर्नलाही सुवर्ण, आणि १९६० ला रोममध्ये कर्णधार म्हणून रौप्य!

याला निव्वळ नशीब म्हणणं मला पटत नाही. त्या काळी दोन्ही खेळांत अकरा जण असत आणि मांडणीही तीच: दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. क्लॉडियस हॉकीत राइट हाफ होते. दोन्ही खेळांत राइट हाफनं समोरच्या विंगरची वाट अडवायची, धडपडून चेंडूवर झेप न घेता त्याला कडेला रेटायचं, चेंडू सुटला की लगेच पुढे द्यायचा. क्लॉडियस उंचीनं लहानखुरे होते. त्यांचं नाव झालं ते टॅकलिंगच्या अचूक वेळेसाठी आणि जागेच्या जाणिवेसाठी. स्टिकची कला त्यांना नव्यानं शिकावी लागली, पण मैदान वाचायची नजर फुटबॉलनं आधीच दिली होती.

यावर कुणी मद्रासच्या एम. जे. गोपालन यांचं नाव घेईल. १९३५ साली ते भारतीय हॉकी संघातून न्यूझीलंडला गेले होते. १९३६ ला मात्र त्यांनी क्रिकेटचा इंग्लंड दौरा निवडला. तिथं एकही कसोटी मिळाली नाही आणि बर्लिन ऑलिंपिकमध्ये हॉकी संघ सुवर्ण जिंकून आला. हा आक्षेप खराच आहे. पण त्यातून दोन खेळ शिकणं चूक ठरत नाही. दोन्हींची शिखरं एकाच हंगामात गाठता येत नाहीत, एवढंच त्यातून दिसतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: काळ बदलला. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली, वेग वाढला. पूर्वी खेळाडूचं पोट नोकरीवर चाले, क्लॉडियसही पुढे कलकत्त्याच्या कस्टम्समध्ये होते. आता मुलींचीही व्यावसायिक लीग आहे. २०२५ च्या पहिल्या महिला हॉकी इंडिया लीगच्या अंतिम सामन्यात साताऱ्याच्या ऋतुजा पिसाळनं ओडिशा वॉरियर्सचे दोन्ही गोल केले. या पातळीवर क्लॉडियस यांच्यासारखं एकोणिसाव्या वर्षी स्टिक हातात घेऊन भागणार नाही, हे मान्य. तुझी स्टिक मात्र सुटलेलीच नाही, आणि फुटबॉलमधली पळण्याची ताकद, मोकळी जागा हेरण्याची सवय हॉकीत वाया जात नाही.

म्हणून शिकण्याच्या वर्षांत दोन्ही खेळ खुशाल खेळ. व्यावसायिक संघाचं दार उघडलं, की त्या दिवसापासून एकाच खेळाला सगळी ताकद दे. क्लॉडियस यांनीही हॉकी एकदा धरली, ती मग चार ऑलिंपिकपर्यंत सोडली नाही.

तुझा,
काका