अप्पांची चाळणी

आमच्या हुबळीची एक आठवण लिहितो. गोकुळ रोडच्या एका छोट्या कारखान्यात अप्पा बीएचसी पावडर भरायचे. 1997 ला त्यावर बंदी आली, त्याआधीची गोष्ट. माल 200 मेशच्या चाळणीतून पडला की पास. "मैद्यागत आहे की, काय होतंय त्याला!" तोंडाला टॉवेल, बस्स.

मी धारवाडला केमिस्ट्री शिकत होतो. 200 मेशचं भोक 75 मायक्रॉनचं, साधारण केसाच्या जाडीएवढं. तेवढा कण नाकातच अडकतो. 10 च्या आतला छातीत उतरतो, 4 च्या आतला पार फुप्फुसाच्या तळाला. असले किती आहेत, ते ही चाळणी सांगतच नाही.

मग अप्पांचा सदरा झटकून निघालेली चिमूटभर पावडर साबणाच्या पाण्यात ढवळून हॉर्लिक्सच्या बाटलीत ठेवली. (आई ओरडली, ते वेगळं.) जाड कण तासाभरात खाली बसले. पण पाणी दुसऱ्या दिवशीही दुधट. जितका कण बारीक, तितका बसायला वेळ. हवेतही तसंच.

"अप्पा, हे अजून तरंगतंय बघा."

ते काही बोलले नाहीत. खांद्यावरचा टॉवेल काढून खिडकीच्या उजेडासमोर धरला आणि त्याच्या भोकांतून बघत राहिले. मग तोच टॉवेल घेऊन कामाला गेले. पगाराचा दिवस होता.