अरिष्ट, शिरोली स्टाइल

कोल्हापूरला जाणाऱ्यांची लिस्ट ठरलेली असते. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, तांबडा-पांढरा, मिसळ आणि निघताना चपला. शिरोली एमआयडीसी या लिस्टमध्ये कुठेच नसते. पुण्याहून येताना हायवेला ती आधी लागते, मग सांगली फाटा, मग पंचगंगेचा पूल आणि मग तावडे हॉटेलपाशी 'आलं कोल्हापूर'. शिरोली येते तेव्हा बसमधली मंडळी वरच्या बॅगा काढण्यात बिझी असतात. फार फार तर २०१९ आणि २०२१ च्या महापुरात टीव्हीवर नाव ऐकलेलं असतं, कारण पाणी आलं आणि हायवे इथेच बंद पडला.

मी मात्र खास शिरोलीलाच गेले. कॉलेजमधला एक मित्र इथल्या एका फाउंड्रीत आहे. त्याचा मेसेज आला होता, 'अगं, आमच्याकडे साखरेचं काय काय होतं बघायला ये एकदा.' लोखंड वितळवणाऱ्या माणसाला साखरेचं काय कौतुक, असा प्रश्न कोणालाही पडेल. पण कोल्हापूर आहे राव. इथे गुळाशिवाय पान हलत नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली तीच गुळाच्या व्यापारासाठी, आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला जीआय टॅगही मिळाला.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती वाळू. पायाखाली, भुवयांत, चहाच्या कपात. गाडीच्या इंजिनात पाणी फिरायला ज्या पोकळ्या लागतात, त्या जागी कास्टिंग करताना वाळूचा गाभा बसवतात. त्याला म्हणतात कोअर. वाळूत सोडियम सिलिकेट मिसळायचं, साच्यात ठोकायचं आणि आत कार्बन डायऑक्साइड सोडायचा. काही सेकंदांत वाळूचा दगड होतो. मग त्याभोवती चौदाशे डिग्रीच्या आसपासचं लोखंड ओततात. आता खरी गंमत. हा दगड नंतर फोडून बाहेरही काढावा लागतो आणि तो सहजासहजी फुटत नाही. म्हणून वाळूत आधीच थोडी मळी किंवा साखर घालून ठेवतात. लोखंडाच्या उष्णतेने साखर जळते, कोअर आतून भुसभुशीत होतो आणि दोन ठोके मारले की मोकळा!

"आणि सिलिंडरमधला सीओटू कुठनं येतो म्हाईत हाय का?" मित्राने विचारलं. ऑफिसमध्ये तो शुद्ध बोलतो, शॉप फ्लोअरवर गाडी लगेच कोल्हापुरीवर येते. हा गॅस खत कारखान्यांतून येतो, तसाच डिस्टिलरीतूनही. मळीत यीस्ट घातलं की ते साखर खातं आणि दोन गोष्टी सोडतं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. हिशोब जवळजवळ निम्मा-निम्मा. शंभर ग्रॅम ग्लुकोज असेल तर जास्तीत जास्त ५१ ग्रॅम अल्कोहोल आणि ४९ ग्रॅम गॅस. तो गॅस साठवून विकता येतो. म्हणजे उसाच्या मळीतून निघालेला बुडबुडा एखाद्या कोअरमध्ये जाऊन बसतो आणि तिथे त्याला पुन्हा मळीच भेटते. हा फंडा मला जाम आवडला.

कोअर शॉपच्या कोपऱ्यात एक निळा ड्रम होता. त्याच्यावर लाल रंगात कवटी काढलेली, अगदी लहान मुलाने काढल्यासारखी. मी फोटो काढायला मोबाइल वर केला तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, जरा लांबनंच."

हे कोअर शॉपचे मामा. इथे सगळेच त्यांना मामा म्हणतात, मॅनेजरसुद्धा. वय साठीला टेकलेलं, वाळूत तीसेक वर्षं गेलेली. ती कवटी त्यांनीच काढलीय. कोअरला लोखंड चिकटू नये म्हणून त्याच्यावर झिर्कॉन किंवा ग्रॅफाइटचा लेप देतात. तो लेप पातळ करायला स्पिरिट वापरतात, लावल्यावर काडी ओढली की भुर्रकन जळून जातं आणि लेप वाळतो. हे स्पिरिट म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंवा मिथेनॉल.

"पोरं परगावची येत्यात. बिहार, ओडिशा, यूपी. ड्रमवर इंग्लिशमध्ये अल्कोहोल लिवलंय. वास बी तसलाच. एकांद्याच्या डोक्यात येतंय, दारूच की ही, फुकटची."

मामा आधी ज्या फाउंड्रीत होते (नाव नको म्हणाले) तिथे एका पोराच्या डोक्यात ते आलं होतं. सणाचा दिवस, घरी जायला सुटी नाही मिळाली. रात्री पाण्यात मिसळून घेतलं. सकाळपर्यंत काहीच झालं नाही, नेहमीसारखा कामावर आला. दुपारी म्हणाला, मामा, धुकं पडलंय का?

पोरगा जगला. दृष्टी गेली ती गेलीच. मिथेनॉलचा कावा असाच असतो. प्यायल्यावर ते लगेच काही करत नाही. शरीर हळूहळू त्याचं फॉर्मिक ॲसिड बनवतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर जातं. त्याला बारा तास लागतात, कधी चोवीस. दहा मिलिलिटरमध्ये डोळे जाऊ शकतात, तीसमध्ये माणूस. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती याच मिथेनॉलने. त्याआधी २००४ मध्ये विक्रोळीलाही अशीच विषारी दारू विकली गेली होती. प्रत्येक वेळी पेपरात 'गावठी दारूचे बळी' असं येतं आणि आपल्याला वाटतं की गूळ कुजवला की विष तयार होतं. तसं नाहीये. गूळ आंबवून त्यात जीव घेण्याइतकं मिथेनॉल तयार होत नाही. ते असल्या निळ्या ड्रममधून आणून कोणीतरी मिसळलेलं असतं. जास्त चढावी आणि स्वस्तात पडावी म्हणून.

हे डोक्यात घेऊनच संध्याकाळी मित्राच्या कलिग्जच्या रूमवर गेले. तिघे जण, तिघेही इंजिनीअर, टिपिकल बॅचलर रूम. गॅसच्या बाजूला एका बरणीत करड्या रंगाचं काहीतरी फसफसत होतं. ते 'आल्याचं विरजण'. आलं सालीसकट किसायचं, त्यात चमचाभर गूळ आणि पाणी. रोज थोडं आलं, थोडा गूळ. पाच-सहा दिवसांत बुडबुडे यायला लागतात, कारण आल्याच्या सालीवर रानटी यीस्ट बसलेलंच असतं. मग कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या प्लास्टिक बाटलीत गुळाचं पाणी, आलं, लिंबू, दोन लवंगा आणि हे विरजण. दोन दिवस बाहेर, की फ्रीजमध्ये. काचेची बाटली अजिबात नाही, गॅसच्या प्रेशरने ती बॉम्बसारखी फुटते. प्लास्टिकची दाबून बघता येते. दगडासारखी लागली की झाकण हळूच सैल करायचं.

चव? थंड, तिखट, शेवटी गुळाचा किंचित खारटपणा. बाजारातली कुठलीही जिंजर एल याच्यापुढे सरबत आहे. दोन दिवसांत यात अल्कोहोल नावापुरतंच होतं. उन्हात राहिलेली नीरा याच्यापेक्षा चढेल. पण त्या बाटलीत दोनशे ग्रॅम गूळ आहे. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर म्हणजे एक टक्का अल्कोहोल, हा सरळ हिशोब. बाहेर तशीच विसरली तर पाचेक टक्क्यांपर्यंत जाईल, म्हणजे बिअरच की! आणखी गूळ घालत राहिलं तर बारा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास यीस्ट स्वतःच्याच दारूत मरतं. त्याच्या पुढे जायला भट्टी लावावी लागते. निसर्गाने ब्रेक दिलेला आहे, माणसाने तो काढला.

नुसत्या साखरेवरही हे होतं. फिनलंडमध्ये साखर, पाणी आणि यीस्टची 'किल्यू' नावाची वाइन पोरंटोरं करतात. तिच्यावर तिथल्या सरकारने कितीतरी वर्षं बंदी घातली होती, ती उठली २०१८ मध्ये. पण पांढऱ्या साखरेत यीस्टला खायला दुसरं काहीच नसतं, ते उपाशी राहतं आणि दारूला घाण वास येतो. गुळात खनिजं असतात. थोडक्यात, यीस्टलाही कोल्हापुरी जेवण लागतं.

"पण हे लीगल आहे का हो?" तिघांपैकी एकाने मलाच विचारलं. पत्रकार दिसला की लोकांना कायदा आठवतो. कायदा १९४९ चा आहे, तेव्हाचा मुंबई दारूबंदी अधिनियम, आता नावात महाराष्ट्र आलंय. त्यात दारूच्या व्याख्येत अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव येतो आणि लायसन्सशिवाय दारू बनवणं हा गुन्हा. घरच्यापुरती केली, विकत नाही, असली सबब नाही. तिघांनी एकदम फ्रीजकडे बघितलं.

मामांना ही बाटली माहीत आहे. दुपारी चहाच्या टपरीवर मी विचारलंही होतं, यात काय वाईट मामा, सोडाच तर आहे. ते म्हणाले, "तुमचं बरं हाय. तुमाला ती फॅशन हाय. माझ्या पोरांनी बघितलं, सायेब घरात बनिवत्यात, तर ती बी बनिवणार. आनि त्यांच्याकडं आल्याचं इरजन न्हाई, ड्रम हाय." मित्र यावर काही बोलला नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं, आणि मामा पूर्ण बरोबर आहेत असंही मला वाटत नाही. भीती दाखवून ड्रम लांब राहतो, पण ड्रममध्ये नक्की काय आहे हे शिकवलं तर जास्त लांब राहील. त्या कवटीशेजारी हिंदीत आणि ओडियात दोन ओळी लिहायला किती रंग लागतो?

रात्री जेवायला मित्राच्या घरी. वहिनी बाळंतीण, त्यामुळे घरभर शेकशेगडीचा आणि डिंकाच्या लाडवांचा वास. आज्जींनी फडताळातून एक बाटली काढली, दोन चमचे मोजून कोमट पाण्यात घातले आणि वहिनींना दिले. दशमूलारिष्ट. मी लेबल वाचलं आणि हसायलाच आलं. 'स्वयंनिर्मित अल्कोहोल'!

शोधत होते ते इथे होतं, औषधाच्या फडताळात. आसव आणि अरिष्ट म्हणजे दुसरं काय? गूळ, मध, वनस्पती, आणि धायटीची फुलं. ही लाल फुलं आपल्या सह्याद्रीत भरपूर. त्यांच्यावरही यीस्ट बसलेलं असतं. वनस्पतींचा काढा करून आंबवला की अरिष्ट, न उकळता आंबवलं की आसव. भट्टीचा संबंधच नाही. शार्ङ्गधराने तर ठोक मापच देऊन ठेवलंय. एक द्रोण पाण्याला, म्हणजे साधारण बारा लिटरला, एक तुळा गूळ, म्हणजे पावणेपाच किलोच्या थोडा वर. मध गुळाच्या निम्मा, औषधी चूर्ण एक दशांश. भांडं धान्याच्या राशीत पुरायचं, म्हणजे तापमान एकसारखं राहतं. झालं की नाही हे बघायला तोंडाशी जळती काडी धरायची. विझली तर आत अजून कार्बन डायऑक्साइड सुटतोय, थांबा. आणि काही नाही तर कान लावा, आवाज बंद झाला की झालं. चरकाने असे चौऱ्याऐंशी आसव मोजलेत. धान्याचे, फळांचे, मुळांचे, फुलांचे, सालींचे. त्यात निव्वळ साखरेचा फक्त एक.

कौटिल्य आणखी पुढचा. त्याच्या अर्थशास्त्रात आसवाची रेसिपी आहे, एक तुळा कवठ, पाच तुळा काकवी आणि एक प्रस्थ मध. शिवाय नियमही. घरगुती कार्याला पांढरी सुरा किंवा औषधासाठी अरिष्ट कुटुंबाने स्वतः बनवायला परवानगी, आणि उत्सव-यात्रेला चार दिवसांची सूट. आपल्या आजच्या कायद्यात औषधी अरिष्टांना सूट आहे, पण नशेसाठी पिण्याजोगं नसेल तरच. मराठीत अरिष्ट म्हणजे संकट, हेही कोणीतरी विचार करूनच ठरवलं असावं.

लायसन्स काढून रीतसर करणारे आहेत. द्राक्षांसाठी राज्याने २००१ मध्येच धोरण आणलं आणि नाशिकची वाइन जगाला कळली. पुण्यात २०१८ पासून मूनशाइन मीडरी मध आंबवून मीड विकते, डिस्टिल न करता. मग कोल्हापुरात गुळाची का नाही? मित्राच्या डोक्यात हे किडा होऊन बसलंय. घरी अजून बोललेला नाही. आज्जी ऐकत असताना तर मुळीच नाही.

सकाळी आम्ही शियेच्या बाजूला एका गुऱ्हाळावर गेलो. चुलवाणात चिपाडं जळत होती, काहिलीत रस उकळत होता. भेंडीचं पाणी घातलं की मळी फेसासारखी वर येते आणि झाऱ्याने काढून टाकतात. गुळव्याने पाण्याच्या वाटीत एक थेंब टाकला, बोटाने गोळी वळली, नुसती मान हलवली आणि चार जणांनी काहील वाफ्यावर पालथी केली. मित्राने त्याआधीच कॅन भरून काकवी घेतली होती. "कशाला एवढी?" गुळव्याने विचारलं. "चपातीबरोबर," मित्र म्हणाला. दहा लिटर!

जायचं असेल तर : दिवाळीनंतर ते होळीपर्यंत जा, गुऱ्हाळं तेव्हाच चालू असतात, आणि दरवर्षी थोडी कमी होतात. गुऱ्हाळावर कोणी अडवत नाही, उलट गरम गूळ हातावर ठेवतात. फाउंड्रीत मात्र ओळखीशिवाय आणि सेफ्टी शूजशिवाय प्रवेश नाही. कोल्हापूर स्टँडपासून रिक्षा किंवा हातकणंगल्याकडे जाणारी कुठलीही बस. पांढरे कपडे घालू नका.