आत्याची माणसं

वसईतल्या गास गावचं चर्च संत गोन्सालो गार्सियाचं. वसईत जन्मलेला हा मुलगा जेझुइटांबरोबर जपानला गेला, काही काळ त्याने व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर मारलं. आमच्याकडच्या मुलांना हे तोंडपाठ असतं. माझ्या आत्याला मात्र त्याच्या मरणापेक्षा त्याच्या बोलण्याचं अप्रूप होतं. हिदेयोशीसारख्या सत्ताधीशापुढे दुभाषा म्हणून उभं राहण्याइतकी जपानी त्याला येत होती. ती म्हणायची, "मरायला त्याला एक दिवस लागला. बोलायला किती वर्षं लागली असतील?"

आत्या सिस्टर होती. तिला धर्मसंघाने नागासाकीला वृद्धाश्रमात पाठवलं तेव्हा तिने तिशी ओलांडली होती. पहिल्या वर्षांतली तिची पत्रं वाचवत नसत. आजी ती पत्रं बाबांकडून वाचून घ्यायची आणि मध्येच उठून जायची. वाडीतल्या पानवेली, बावखलातलं पाणी, नाताळच्या मिस्सेनंतर ओट्यावर जमलेली माणसं, सगळ्याची नावानिशी चौकशी. 'सुवार्ता' मासिकाचा अंक पोचायला उशीर झाला तरी ती कासावीस व्हायची. तिथे अख्खा दिवस जाई आणि मराठीचा एक शब्द कानी पडत नसे.

मग पत्रांत म्हाताऱ्या येऊ लागल्या. एक दुसऱ्या कुणाच्या हातून औषध घ्यायची नाही. एक रोज दुपारी खिडकीशी बसून रुसायची. काहींनी 9 ऑगस्ट 1945 पाहिला होता. अकरा वाजून दोन मिनिटांनी नागासाकीतल्या उराकामीवर जे कोसळलं त्याबद्दल त्या बोलत नसत, आणि आत्याही विचारत नसे. त्यांचं अंग पुसताना तिला त्यांच्या पाठी दिसायच्या. तिने एवढंच लिहिलं होतं.

धर्मप्रसारासाठी गेलेल्या माणसाला तिथे काय सापडतं, हे मला तिच्या एका वाक्यातून कळलं. 1614 नंतर जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती. तरी नागासाकीच्या आसपासच्या गावांनी अडीचशे वर्षं, त्यातला बहुतेक काळ एकाही धर्मगुरूवाचून, घरातल्या घरात प्रार्थना जपल्या. मार्च 1865 मध्ये त्यांच्यातली काही माणसं नव्या ओउरा चर्चमध्ये आली आणि तिथल्या फ्रेंच फादरांना हळूच म्हणाली, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. आश्रमातल्या काहीजणी त्याच घराण्यांतल्या. "मी त्यांना काय शिकवणार?" आत्याने लिहिलं, "त्यांनी मला पदराखाली घेतलंय."

दर काही वर्षांनी ती सुट्टीवर वसईला यायची. शेवटी आली तेव्हा शेजारची वाडी विकली गेली होती. बावखल बुजवलं होतं आणि त्यावर सहा मजले उभे होते. कोपऱ्यावरच्या क्रुसाशी ती बराच वेळ थांबली, मग मला विचारलं, "आपल्याकडे कुठून वळायचं?" मी तिचा हात धरला. त्या प्रश्नाने मला आजही तितकंच दुखतं. आम्ही तिची खोली झाडूनपुसून ठेवली होती, पलंगावर आजीची गोधडी होती. ती पहाटेच उठून बसायची आणि तिकडे आता किती वाजले हे मोजायची. औषध न घेणाऱ्या आजींना कोण समजावत असेल, याचा घोर तिला लागलेला असे.

ती तिकडेच गेली. फोन आला तेव्हा दहनही होऊन गेलं होतं. जपानमध्ये जवळजवळ सगळ्यांचंच दहन होतं, ख्रिस्ती माणसांचंही. पण आम्ही माती देणारी माणसं. चर्चमागच्या दफनभूमीत आजोबांशेजारी आजी आहे, आणि तिच्या पायाशी बाबांनी मनात आत्याची जागा धरून ठेवली होती. "माझ्या बहिणीला जाळलं?" एवढंच ते म्हणाले, आणि कितीतरी दिवस देवळात गेले नाहीत.

नंतर आश्रमातल्या एका परिचारिकेचं इंग्रजी पत्र आलं. मी ते बाबांना मराठीत सांगितलं. तिकडे दहनानंतर जवळचे लोक अस्थी उचलतात. दोघांनी मिळून, आपापल्या काड्यांनी, एक अस्थी. आधी पायांच्या, सगळ्यात शेवटी डोक्याच्या, म्हणजे माणूस कलशात सरळ राहतो. लहानपणी आत्याने आणलेल्या चॉपस्टिकनी मी आणि धाकट्या बहिणीने भजीचा एकच तुकडा धरला होता तेव्हा ती का ओरडली, ते मला हे वाचताना उमगलं. तिच्या अस्थी उचलायला आश्रमातल्या म्हाताऱ्या गेल्या होत्या. काही चाकाच्या खुर्चीत बसून. हात थरथरत होते, म्हणून वेळ लागला. मदत करू का, असं कुणी विचारलं तर त्या नको म्हणाल्या.

बाबांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. कोण कोण होतं, नावं विचारली.

2 नोव्हेंबरला आमच्या धर्मग्रामात मृतांच्या नावांची यादी देतात. बाबांनी आजोबा-आजीखाली आत्याचं नाव लिहिलं. मग तिची जुनी पत्रं काढली आणि तिच्याआधी गेलेल्या आश्रमातल्या आजींची नावं एकेक करून उतरवली. जोडाक्षरांपाशी अडले की मला विचारत. मिस्सेत फादरांनी ती वाचली, अडखळत, पण सगळी वाचली. मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजलं, ही कोण? बाबांनी वळून सांगितलं, "आमच्याकडची."