माणिकगडावरून हद्द दिसत नाही

‘माणिकगड’ हे नाव आमच्या घरात आले ते सिमेंटच्या गोणीवरून. घराचे बांधकाम चालू होते आणि अंगणात गोण्यांची थप्पी लागली होती. दादाजान म्हणाले, “बेटा, हे नाव आधी गडाचे, मग गोणीचे. लहानपणापासून ऐकतोय, पण कधी चढलो नाही.” त्यांना ऐंशी पूर्ण झाली तेव्हा आम्ही ठरवले, आता उशीर नको.

डिसेंबरातल्या एका रविवारी फज्रनंतर चंद्रपूरहून निघालो. राजुऱ्यात चहा घेतला. हे दादाजानचे जन्मगाव. ते जन्मले तेव्हा येथे निजामांची सत्ता होती. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये राजुरा मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. “घर तेच, विहीर तीच. सरकारी कागद मात्र आधी उर्दूत, नंतर मराठीत,” दादाजान सांगत होते.

गडचांदूरची धुराडी मागे पडली. अमलनाला धरणाचे पाणी डोंगरांच्या कुशीत शांत पसरले होते. पुढे जिवतीच्या डोंगरात गाडी उभी करून चालू लागलो. वाटेवर सागाचा पाचोळा होता. दादाजान दर पन्नास पावलांवर थांबत आणि अम्मी पाण्याची बाटली पुढे करीत.

काळ्या दगडाच्या दरवाजापाशी ते बसले. हा किल्ला साधारण 9व्या शतकात नागवंशी राजांनी बांधला असे मानतात. दरवाजावर कोरलेल्या नागावरून दादाजाननी हलकेच हात फिरवला. गुडघे आता ऐकत नव्हते. ते म्हणाले, “तुम्ही टोकावर जा आणि तेलंगणाची हद्द कुठे आहे ते बघून मला सांगा.” अम्मी त्यांच्याजवळ थांबल्या.

तटाच्या टोकाशी वारा अंगाला झोंबत होता. खाली जंगल, मध्येच कापसाची शेते, मागे डोंगरामागे डोंगर. याच जिवती तालुक्यातल्या 14 गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. तिथल्या अनेक घरांत दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आहेत. आम्ही डोळे ताणून पाहिले. कुठेच रेघ नव्हती.

परतून तसे सांगितले. दादाजान हसले. “मलाही सगळ्या आयुष्यात दिसली नाही.” मग बाटलीतल्या पाण्याने वुजू करून दरवाजाच्या सावलीत आम्ही जुहरची नमाज पढली.

जायचे असेल तर हिवाळ्यात जा. पाणी आणि जेवण सोबत न्या, गडावर काही मिळत नाही. जंगल वाघ-अस्वलांचे आहे, म्हणून एकटे जाऊ नका आणि असरच्या आत खाली उतरा. घरातल्या बुजुर्गांनाही न्या. दरवाजापर्यंत पोहोचले, तरी पुष्कळ झाले.