उचंत खात्यातील गाठ

गेल्या वर्षी आषाढात, एके सकाळी घड्याळ बांधताना डाव्या हाताला, कोपराच्या खाली चार बोटांवर काहीतरी मऊ लागले. बोराएवढी गाठ होती. दुखत नव्हती, दाबली की बोटाखालून निसटत होती. मी सदऱ्याची बाही खाली ओढली आणि त्या दिवसापासून अर्ध्या बाह्यांचे सदरे कपाटातच राहिले.

बँकेत ३५ वर्षे काढलेल्या माणसाला हे शोभणारे नव्हते. ज्या रकमेचे खाते ठरत नाही ती उचंत खात्यात टाकतात, हे मोंढ्यातल्या प्रत्येक मुनीमजींना ठाऊक असते. पण ती तेथे पडून राहू द्यायची नसते, हेही ठाऊक असते. एखाद्या शाखेच्या तपासणीला गेलो की मी प्रथम तेच पान उघडायला लावीत असे. स्वतःच्या हातावरची नोंद मात्र मी चार महिने उचंतच ठेवली.

त्यामागे भीती होती. माझे थोरले बंधू, ज्यांना सारे दादा म्हणत, कापडाच्या दुकानात गादीवर बसत. त्यांच्या मांडीत खोलवर एक गाठ वाढत होती. दुखत नाही, म्हणून त्यांनी दोन दिवाळ्या जाऊ दिल्या. मांडी घालून बसणेच अशक्य झाले तेव्हा कोठे त्यांनी घरात सांगितले. १९९८ साली आम्ही त्यांना मुंबईला नेले. तो सार्कोमा होता, म्हणजे स्नायू, चरबी अशा मऊ भागांत होणारा कर्करोग, आणि तोवर तो फुप्फुसांत पोहोचला होता. पुढची दिवाळी दादांना दिसली नाही. दुखत नाही म्हणून दादा गप्प राहिले. दादा आठवत होते म्हणून मी गप्प राहिलो.

गुपचूप उपाय मात्र सुरू होते. चरबीची गाठ असेल, अशी स्वतःची समजूत घालून मी तूप सोडले. चातुर्मास असल्यामुळे मी काही नियम घेतला असावा असे पत्नीला वाटले आणि तिने कौतुकही केले. वजन तीन किलोंनी उतरले, गाठ जिथल्या तिथे. बिब्ब्याचा विचार मनात आला नाही असे नाही. पण लहानपणी आत्याबाईंच्या खांद्यावरच्या गाठीला बिब्बा लावलेला मी पाहिला होता. गाठ तशीच राहिली आणि भोवतालची कातडी फोडांनी सोलवटून निघाली.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाचे तेल लावताना पत्नीचा हात त्या जागी थांबला.

"अहो, हे केव्हापासून?"

"आषाढापासून."

ती पुढे काही बोलली नाही. पाडवा उलटताच केजहून आम्ही दोघे अंबाजोगाईला गेलो. १९७४ साली सुरू झालेले तेथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्या जिल्ह्याचा मोठा आधार आहे. शल्यचिकित्सा विभागातील तरुण डॉक्टरांनी यंत्राआधी प्रश्नांना हात घातला. केव्हा दिसली, वाढते आहे का, मार लागला होता का, बोटांना मुंग्या येतात का, घरात आणखी कोणाला अशा गाठी आहेत का? शेवटच्या प्रश्नाला मी "नाही" म्हणालो. मग त्यांनी मूठ आवळायला लावली आणि गाठ तेव्हाही हलते का ते पाहिले. स्नायूत रुतलेली गाठ मूठ आवळताच घट्ट होते. कातडीखालची सैलच राहते.

हातावरची प्रत्येक मऊ गाठ एकाच जातीची नसते, हे त्यांनी शांतपणे समजावले. मधोमध काळा ठिपका असेल तर बहुधा ती कातडीतील पिशवी, आत दहीसारखा मळ साठलेला. मनगटाजवळची ताठ, गोल गाठ बहुधा सांध्यातून आलेल्या घट्ट पाण्याची असते. जाड पुस्तक आपटून ती फोडण्याची रीत पूर्वी विलायतेतही होती. ती करू नये. लाल, गरम आणि ठणकणारी गाठ पुवाची. सोनोग्राफीत माझी निघाली लायपोमा, चरबीच्या पेशींची निरुपद्रवी गाठ, अडीच सेंटिमीटरची. ती तूप सोडून विरघळत नाही आणि चोळूनही जात नाही. नको असेल तर तेवढाच भाग बधिर करून काढता येते, आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवायचाच.

दादांविषयी मी विचारले. ते म्हणाले, पाच सेंटिमीटरहून मोठी, झपाट्याने वाढणारी, खोलवर असलेली, टणक, किंवा काढल्यावर पुन्हा आलेली गाठ असेल तर ती दुखो वा न दुखो, एक आठवडाही थांबू नये. हे वाक्य मला २७ वर्षे उशिरा ऐकायला मिळाले.

मी गाठ काढली नाही. रोजनिशीच्या शेवटच्या पानावर तारीख आणि माप लिहितो, दर तीन महिन्यांनी. पत्नी पट्टी धरते.

परत आल्यावर संध्याकाळी दुकानात गेलो. दादांचा मुलगा आता त्याच गादीवर बसतो. त्याला सारी हकीकत सांगितली. त्याने गिऱ्हाईक जाईपर्यंत वाट पाहिली, मग काही न बोलता उजव्या हाताची बाही वर केली. कोपराखाली दोन गाठी होत्या, आणि तिसरी दंडावर.

"काका, दोन वर्षं झाली. आईला सांगू नका."

सोमवारी दुकान नोकरावर सोपवून त्याला घेऊन मी अंबाजोगाईची बस धरली. त्याच्या आईला मात्र मी आदल्या रात्रीच सांगितले होते.