वैनगंगेकांठची राहुटी व प्रवासी जनित्र

भंडारा जिल्हा पाहावयाचा म्हणून मुद्दाम निघणारीं कुटुंबें थोडीं. नागपुराहून रायपुराकडे जाणारा हमरस्ता भंडारा, लाखनी, साकोली हीं गांवें मागें टाकीत धांवतो, आणि मोटारींतील मंडळी चहापुरती उतरून पुढें निघून जाते. ज्यांना नवेगांव-नागझिऱ्याचा वाघ पाहावयाचा असतो ते साकोलीस थांबतात, इतकेंच. वास्तविक हा जिल्हा सावकाश पाहण्याचा आहे. पवनीचा जुना कोट आणि तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० सालच्या उत्खननांत उघडकीस आलेला बौद्ध स्तूप, तुमसराकडील अंबागड, रावणवाडीचें धरण, आणि कोहळी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले ते मालगुजारी तलाव, हें सारें एका दिवसांत उरकण्यासारखें नाहीं. रात्र कोठें तरी काढावीच लागते. आणि तलावाच्या पाळीखालीं किंवा वैनगंगेकांठच्या एखाद्या ओळखीच्या शेतांत राहुटी ठोकून काढलेल्या रात्रीची सर कोणत्याही हॉटेलास येत नाहीं.

मात्र एकत्र कुटुंबाची राहुटी म्हणजे चार तरुणांची राहुटी नव्हे. आम्ही निघालों तेव्हां मोटारी दोन व माणसें अकरा होतीं. त्यांत आमचे वडील. त्यांना झोपेंत श्वास अडण्याचा विकार असल्यामुळें रात्रभर नाकावर मुखवटा लावून हवेचें यंत्र चालवावें लागतें. इन्शुलिन घेणाऱ्या आत्या होत्या, आणि दीड वर्षाचें नातवंड होतें, ज्यास मार्चअखेरच्या उकाड्यांत पंख्यावांचून झोप नाहीं. अशा मुक्कामांत वीज ही चैनीची वस्तु राहात नाहीं. ती नसली कीं वडील घरीं राहतात, ते राहिले कीं आई राहते, आईबरोबर आत्या राहतात, आणि मग कुटुंबाचा प्रवास म्हणजे मुलांची सहल उरते. म्हणून सोबत नेण्याजोगें विजेचें जनित्र घ्यावें असें ठरलें.

नागपुरांतील एका दुकानदारानें आमची संख्या ऐकूनच निकाल दिला. “साहेब, माणसें अकरा म्हणतां, तर तीन के.व्ही.ए.च्या खालीं बघूंच नका.” त्यावर आत्या शांतपणें म्हणाल्या, “अहो, वीज माणसें मोजून लागते कीं उपकरणें मोजून?” दुकानदार हंसला, पण प्रश्न अगदीं बिनतोड होता. आम्ही तेथेंच कागदावर आंकडे मांडले. नऊ वॅटचे चार दिवे म्हणजे ३६. पन्नास वॅटचे दोन टेबलपंखे म्हणजे १००. वडिलांचें यंत्र ४० च्या आसपास. सहा मोबाईल एकाच वेळीं लावले तरी शंभराच्या आंत. बेरीज पावणेतीनशे वॅटपर्यंत येते. ही गरज भागविण्यास ५० किलोंहून अधिक वजनाचें धूड मोटारीच्या पाठीमागें लादण्याचें कारण काय? गरज फुगते ती स्वयंपाकाच्या मोहानें. मिक्सरला पांचशे ते साडेसातशे वॅट, विजेच्या किटलीला दीड हजार, इंडक्शनच्या शेगडीला दोन हजार. शिवाय मोटरवर चालणारें उपकरण सुरू होतांना क्षणभर आपल्या नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वीज ओढतें, आणि लहान जनित्र नेमकें त्याच क्षणीं बंद पडतें. चटणी घरूनच वाटून न्यावी आणि चहा गॅसवर किंवा चुलीवर करावा, कीं जनित्र निम्म्यानें लहान होतें. आमच्या वाचकभगिनींना यांत फारसा त्याग वाटूं नये. नदीकांठीं चुलीवर भाजलेल्या वांग्याचें भरीत कोणत्या इंडक्शनवर होणार आहे?

यंत्रांचे प्रकार मुख्यतः दोन. साध्या जनित्राचें इंजिन मिनिटास ३,००० फेरे या ठराविक वेगानें फिरवावें लागतें, तेव्हां कोठें आपल्या घरच्यासारखी ५० आवर्तनांची वीज निघते. एक दिवा लावा कीं दहा लावा, गर्जना तीच. दुसरें इन्व्हर्टर पद्धतीचें. त्यांत निघालेली वीज आंतील इलेक्ट्रॉनिक जुळणीनें पुन्हां घडवून बाहेर सोडतात, त्यामुळें भार कमी असेल तेव्हां इंजिनाला सावकाश चालण्याची मुभा असते. तेल कमी, आवाज कमी, आणि वडिलांच्या यंत्रासारख्या नाजूक उपकरणास लागणारी स्वच्छ वीज. तें बरेंच महाग पडतें, पण कुटुंबानें हेंच घ्यावें असें आमचें स्पष्ट मत आहे. एक के.व्ही.ए.च्या आसपासचें यंत्र पुरे. तें एका माणसास उचलतां येतें. खरेदी करतांना पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेला आंकडा बहुधा कांहीं मिनिटेंच टिकणाऱ्या कमाल शक्तीचा असतो. सतत मिळणाऱ्या शक्तीचा आंकडा बारीक अक्षरांत असतो, तो वाचावा. आवाजाचा आंकडा किती अंतरावरून मोजला आहे हेंही विचारावें. पेट्रोल व रॉकेलच्या लहान जनित्रांना ८६ डेसिबलची सरकारी मर्यादा २००३ पासून आहे. नियमाचें प्रमाणपत्र नसलेलें स्वस्त यंत्र बाजारांत कोणी दाखविल्यास तेथून निघावें. लिटरभर पेट्रोलांत हलक्या भारावर सुमारें एक युनिट वीज मिळते, म्हणजे घरच्या बिलाशीं ताडून पाहिलें तर ही वीज फारच महाग, हें लक्षांत असूं द्यावें. पुढें पचमढीस जावयाचें असेल तर तेथील हजार मीटरांच्या उंचीवर इंजिनाची शक्ति दहांतला एक हिस्सा घटते. भंडाऱ्यास तो प्रश्न नाहीं.

आतां ज्या गोष्टीपायीं हा लेख लिहावयास घेतला ती सांगतों. जनित्राच्या धुरांत कार्बन मोनॉक्साईड नांवाचा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जो घटक प्राणवायु वाहून नेतो त्याला हा वायु प्राणवायूच्या दोनशेंपटींहून अधिक ओढीनें चिकटतो, आणि माणूस झोपेंतच गुदमरतो. आरंभीं डोकें दुखतें, मळमळतें, गळून गेल्यासारखें होतें. आपल्या घरांत या लक्षणांस ‘पित्त झालें’ असें म्हणून आमसुलाचें सार देण्याची रीत आहे. राहुटींत जनित्राजवळ झोपलेल्या दोघांतिघांना एकदम ‘पित्त’ झालें तर मात्र सर्वांना प्रथम उघड्या हवेंत काढावें आणि लगेच डॉक्टर गांठावा. जनित्र राहुटीच्या आंत, ओसरीवर, मोटारींत, किंवा पाऊस आला म्हणून ताडपत्रीखालीं कधींही चालवूं नये. किमान सहा-सात मीटर दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, धुराडें माणसांच्या उलट दिशेस करून ठेवावें. नदीकांठचा वारा रात्रींतून फिरतो, म्हणून निजण्यापूर्वीं तें बंद करणें हेंच उत्तम. पेट्रोल भरतांना यंत्र थंड होऊं द्यावें. पेट्रोल नेण्यास प्लॅस्टिकची बाटली मुळींच नको; १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानें खाजगी वापरासाठीं परवान्याविना ३० लिटरांपर्यंत मुभा ठेवली आहे ती घट्ट बुचाच्या, मुख्यतः धातूच्या डब्यापुरती. गांवच्या वाड्यांत वीज गेली म्हणून जनित्राची वायर भिंतींतल्या सॉकेटांत खुपसण्याचा जो उद्योग चालतो तो तर महापातकच. ती वीज उलट तारांवर चढते आणि खांबावर काम करणारा वायरमन मरतो.

मग रात्रभर वडिलांचें यंत्र कशावर चालवावें? यावर आम्हीं योजलेला उपाय असा. संध्याकाळीं सात ते दहा जनित्र चालवावें, आणि त्याच वेळांत विजेची साठवण-पेटी, म्हणजे लिथियमची मोठी बॅटरी, भरून घ्यावी. ४० वॅटचें यंत्र आठ तास चाललें तर ३२० वॅट-तास लागतात; पांचशेंची पेटी त्यास पुरून उरते. दोन्ही पंखेही रात्रभर हवे असतील तर दीड हजाराची पेटी हवी, आणि ती भरण्यास जनित्राला अधिक वेळ द्यावा लागेल. नातवंडापुरता एकच पंखा ठेवला तर मधल्या आकाराची पेटी पुरते. आत्यांच्या इन्शुलिनाला विजेची गरजच पडली नाहीं. ओल्या मातीच्या माठांत, झांकणाच्या डब्यांत घालून, सावलींत ठेवलें कीं चालू कुपी नीट राहते. त्यांच्या डॉक्टरांनीं तसें सांगितलें होतें.

पवनीच्या बाजूस उघड्या शेतांत जनित्राचा आवाज कोणाला जाचला नाहीं. पण २०१३ सालीं अभयारण्य झालेल्या कोक्याच्या दिशेनें निघालों तेव्हां जनित्र मोटारींतच गुंडाळून ठेवलें. अरण्यांत रात्रीं राहावयाचें तें वनखात्यानें नेमलेल्या जागींच, आणि तेथें पेटीवर जेवढें भागेल तेवढेंच. सन १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यांतच असलेल्या ज्या नागझिऱ्यावर व्यंकटेश माडगूळकरांनीं आपलें पुस्तक लिहिलें, तें इंजिनाच्या घरघरींत लिहून झालें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. महाराष्ट्रांत सारस पक्षी उरला आहे तोही मुख्यत्वें गोंदिया-भंडाऱ्याकडच्या भातखाचरांत व तलावांवर. अशा पाणवठ्याशेजारीं यंत्र लावणें आम्हांस तरी प्रशस्त वाटत नाहीं. त्या रात्रीं एकच दिवा लागला. वडिलांच्या यंत्राचा बारीक सुस्कारा तेवढा ऐकूं येत होता, आणि पहांटे त्यांनींच आम्हांस उठवून दूरवरचें चितळाचें ओरडणें ऐकविलें.

घरीं परतल्यावर टांकींतलें पेट्रोल काढून घ्यावें व कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावें, नाहींतर पावसाळ्याचे चार महिने पडून राहिलेलें जुनें पेट्रोल आंत चिकट होऊन बसतें. पहिल्या वीस तासांनंतर इंजिनाचें तेल बदलावें. आम्ही तो हिशेब पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवतों. तें पान घरांत कोणी हरवीत नाहीं.